तळव्याला काय काय कळतं

मामा सोफ्यावर पायावर पाय टाकून बसले होते आणि टीव्हीवरच्या मॅचबद्दल तावातावाने बोलत होते. बोलता बोलता त्यांचा पाय हलत होता आणि माझी नजर सहज तळव्याकडे गेली. टाचेच्या थोडं पुढे, बाहेरच्या कडेला एक पिवळी चकती. आधी वाटलं कसलातरी स्टिकर चिकटलाय. मग नीट बघितलं तर ते ड्रॉइंग पिनचं डोकं होतं, पिन अख्खी आत. "मामा, पाय दुखत नाहीये का?" तर म्हणाले, "कशाला दुखेल गं? उलट आज छान मोकळे वाटतायत." मामींनी चष्मा लावून चिमटीत धरून पिन ओढून काढली तरी ह्यांचं त्या कॅप्टनला शिव्या घालणं चालूच. थोडंसं रक्त आलं, काळपट. म्हणजे पिन बऱ्याच वेळापूर्वी गेली असणार. सकाळपासून घरभर अनवाणी फिरत होते, दोन वेळा जिना उतरून चढून आले होते, त्या पिनवर शरीराचं सगळं वजन टाकत.

त्या रात्री मला ते काही डोक्यातून जाईना. पिनपेक्षाही मामांचं ते वाक्य, छान मोकळे वाटतायत. कारण अगदी हेच मी रोज सकाळी म्हणत असते. बागेत गेले की चपला बाकाखाली सरकवायच्या, गवतात पहिलं पाऊल टाकायचं, दवाचा गारवा सर्रकन पोटरीपर्यंत चढतो, नकोसं वाटतं, आणि थोड्या वेळाने तेच पाय आतून गरम व्हायला लागतात. मध्येच एखादा खडा येतो, वाळकी काडी येते, पाय आपोआप आखडतो, वजन दुसऱ्या बाजूला टाकतो, मला विचारतसुद्धा नाही. माझ्या लक्षात येईपर्यंत पुढचं पाऊल पडलेलं असतं. मामाही अनवाणी, मीही अनवाणी, मोकळं दोघांनाही वाटतंय, फक्त मला तळव्याला सगळं कळतंय म्हणून आणि त्यांना काहीच कळत नाहीये म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसणार.

मामांना डायबेटिस. वीसेक वर्षांचा, त्यात पायांच्या नसा बधिर झालेल्या.

नंतर डॉक्टरांनी त्यांच्या पायाची तपासणी केली तेव्हा मी सोबत होते. नायलॉनचा एक जाडसर दोरा असतो, एका दांडीला लावलेला, तो त्वचेवर टेकवून दाबला की बरोबर 10 ग्रॅमच्या जोराला वाकतो. पेशंटने डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की "हो" म्हणायचं, बस्स एवढीच टेस्ट, मशीन नाही काही नाही. अंगठ्याखाली दोरा वाकला, मामा गप्प. चवड्यावर वाकला, गप्प. करंगळीच्या बुडाशी, टाचेला, सगळीकडे तो दोरा धनुष्यासारखा वाकत होता आणि मामा शांतपणे डोळे मिटून बसलेले. निम्म्या जागा झाल्यावर त्यांनी विचारलं, "सुरू कधी करताय?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

तळपाय ही तशी विचित्र जागा आहे. अंगावर जवळजवळ सगळीकडे लव असते, तिथे एक केस नाही. घामाच्या ग्रंथी मात्र ठासून भरलेल्या, आणि तिथला घाम उकाड्यापेक्षा टेन्शनने जास्त सुटतो, तळहातांसारखाच (इंटरव्ह्यूला बसलं की मोजे ओले का होतात ते मला फार उशिरा कळलं). कातडी शरीरात सगळ्यात जाड, आणि तरीही त्या जाड कातडीखाली दाब, कंपन, ताण टिपणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांची नुसती गर्दी. एका पायात 26 हाडं आणि 33 सांधे, म्हणजे दोन्ही पायांची मिळून 52, शरीरातल्या 206 हाडांपैकी पाव हिस्सा घोट्याच्या खाली. नुसतं उभं राहायला एवढं सामान कशाला लागतं? तर उभं राहणं हेच मुळात सोपं काम नाही. एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. घोटा थरथरायला लागतो, बोटं जमिनीला चिमटे काढतात, चवड्यावरचं वजन सारखं इकडून तिकडे जातं. तेच आता जाड गादीवर उभं राहून करून बघा. पडायला होतं, कारण खालून येणारी बातमी फोममध्येच अडकते. जाड मऊ सोलचा बूट थोड्या प्रमाणात रोज हेच करतो. मऊ वाटतो म्हणून आपण तो घेतो आणि मऊपणाची किंमत अशी, की जमीन कशी आहे ते पायाला धड कळत नाही.

लहानपणी सुट्टी लागली की आम्ही पोरं पायात काहीच घालायचो नाही. पहिले काही दिवस खडीवरून जाताना आई आई गं करत, खांदे वर, हात पसरून, वेडीवाकडी तोंडं करत चालायचो. महिना होईपर्यंत त्याच खडीवरून पळायचो. टाचेला आणि चवड्याला घट्टे पडलेले असायचे, राखाडी, कडक, नखाने टकटक केलं तर आवाज येईल असे, आणि आम्हाला त्याचा कोण अभिमान. मोठी माणसं म्हणायची पाय बघा काय करून घेतलेत, दगड झालेत नुसते. मलाही तेच वाटत होतं की कातडी जाड झाली म्हणजे तळवे मुके होत असणार. पण तसं होत नाही म्हणे. 2019 मध्ये 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला, केनियातल्या आणि अमेरिकेतल्या लोकांचे तळवे तपासलेले, त्यात दिसलं की अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाडजूड असतात पण त्यामुळे तळव्याची जाणीव काही कमी होत नाही. घट्टा कडक असतो, म्हणून दाब तसाच्या तसा आतपर्यंत पोचवतो. टोचण्यापासून वाचवतो आणि बातमीही अडवत नाही. एवढं चांगलं काम कुठल्याही सोलला अजून जमलेलं नाही. आणि आपण ते घट्टे दगडाने घासून काढतो, वर क्रीम लावतो.

बुटांनी माझं काय केलं ते मला कॉलेजनंतर कळलं. पहिल्या नोकरीत टोकदार, थोड्या उंच टाचेचे काळे बूट घालायचे मी. दिसायला काय सुंदर. संध्याकाळी ते काढले की पहिला मिनिटभर बोटं एकमेकांना चिकटलेलीच राहायची, मग हळूहळू उलगडायची, आणि करंगळीवर ते कुरूप, मोज्याचा धागा लागला तरी डोळ्यांत पाणी. अंगठा बाकीच्या बोटांकडे झुकायला लागलाय हे दुकानात नवीन जोडी घालून बघताना विक्रेत्याने दाखवलं आणि लगेच म्हणाला, काही नाही मॅडम, एक नंबर मोठा देतो. 1958 मध्ये हाँगकाँगमधल्या लोकांच्या पावलांचा अभ्यास झाला होता, एका बाजूला बूट घालणारे आणि दुसऱ्या बाजूला बोटींवर राहणारे, जन्मभर अनवाणी राहिलेले लोक. अंगठा असा वाकडा झालेले बूटवाल्यांमध्ये 33 टक्के, अनवाणी लोकांमध्ये 2 टक्क्यांच्या आसपास. हे वाचून मला जरा राग आला. सगळ्यांची पावलं पुढे बोटांकडे पसरट असतात, हे कुठल्याही बाळाचं पाऊल बघितलं की दिसतं, तरी बूट टोकाला निमुळता कोणी आणि कशासाठी केला? पाऊल बघून तर नक्कीच नाही.

लहान मुलांचं तर विचारूच नका. चालायला लागायच्या आत बूट आलेले असतात आणि बाळ ते ओढून काढत असतं. 1992 मध्ये भारतात 2300 मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पादत्राणं वापरणाऱ्या मुलांमध्ये सपाट पाऊल 8.6 टक्के आणि अनवाणी मुलांमध्ये 2.8. आता सपाट पाऊल म्हणजे काही आजार नव्हे, बऱ्याच जणांना जन्मभर त्याचा काही त्रास होत नाही, त्यामुळे हे आकडे दाखवून आईबापांना घाबरवणारे लोक मला आवडत नाहीत. पण कमान ही पहिल्या काही वर्षांत हळूहळू घडते आणि पावलातले छोटे स्नायू वापरले तर तिला मदत होत असणार, हे पटण्यासारखं आहे. घरात, गवतावर, वाळूत पोर अनवाणी पळत असेल तर पळू द्यावं. बूट कशाला लागतात तर काच, खिळा, तापलेलं डांबर ह्यासाठी. पायाला आकार द्यायला बूट लागतो ही समजूत कुठून आली कोण जाणे.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की बाई पक्की अनवाणीवाली दिसते. होतेच मी. 2010 मध्ये 'नेचर'मध्येच डॅनियल लीबरमन ह्या संशोधकांचा धावण्यावरचा अभ्यास आला, अनवाणी धावणारे बहुतेक चवड्यावर उतरतात आणि बूटवाले टाचेवर, आणि टाचेवर उतरताना जो धक्का बसतो तो चवड्यावर उतरताना जवळजवळ नसतोच, हे त्यात दाखवलं होतं. झालं. तेवढ्यावर लोकांनी बूट फेकले, पाच बोटांचे पातळ बूट विकले जायला लागले, माझ्याकडेही एक जोडी होती, घातली की पाय बेडकासारखे दिसायचे. लीबरमन ह्यांनी अनवाणी धावल्याने दुखापती कमी होतात असं त्या अभ्यासात म्हटलेलंच नव्हतं, पण तेवढं वाचायला कोणाला वेळ होता. पुढे 2014 मध्ये ते पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या विब्रम कंपनीने ग्राहकांच्या खटल्यात सुमारे 37.5 लाख डॉलरची तडजोड केली, आपली चूक मान्य न करता. आरोप असा होता की पावलं बळकट होतात वगैरे दाव्यांना पुरावा नाही. त्याआधी 2013 मध्ये एक अभ्यास झाला होता, धावपटूंना 10 आठवड्यांत हळूहळू पातळ बुटांवर आणलं आणि एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त जणांच्या पावलाच्या हाडांमध्ये आतून सूज वाढलेली. हळूहळू करूनसुद्धा. वर्षानुवर्षं टाचेवर चाललेल्या पायाला एकदम चवड्यावर उभं केलं की ज्या हाडांवर कधी भार आला नव्हता तिथे तो येतो. पोटऱ्यांचं तर बोलायलाच नको, मला जिना उतरताना कठडा धरावा लागायचा.

आणि अनवाणीवाल्यांचा देव म्हणजे अबेबे बिकिला. 10 सप्टेंबर 1960, रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन, संध्याकाळी सुरू होऊन मशालींच्या उजेडात संपलेली. मिळालेले बूट पायाला नीट बसेनात म्हणून हा इथिओपियाचा माणूस सरळ अनवाणी धावला आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत जिंकला, जगातली तोपर्यंतची सगळ्यात वेगवान मॅरेथॉन. त्याच्या पायांचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. पुढची गोष्ट मात्र अनवाणीवाले भरभर उरकतात. 1964 मध्ये टोकियोला तोच बिकिला, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन काही आठवडेच झालेले, पायात बूट आणि मोजे घालून धावला, आणि पुन्हा जिंकला. 2 तास 12 मिनिटं 11 सेकंद. रोमपेक्षा तीन मिनिटं कमी.

त्याच्याच देशातली दुसरी गोष्ट तर मला फार वर्षं माहीतच नव्हती. इथिओपियाच्या उंच डोंगराळ भागात ज्वालामुखीतून बनलेली लाल माती आहे, पाऊस भरपूर, शेतं सुपीक. त्या मातीत वर्षानुवर्षं अनवाणी काम करणाऱ्या काही लोकांचे पाय सुजायला लागतात. मातीतले बारीक खनिज कण तळव्याच्या कातडीतून आत जातात, लसिकावाहिन्यांमध्ये (शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये) दाह होतो, वाहिन्या बुजतात, आणि पाय खालून वर सुजत जातो, कातडीवर गाठी येतात, वास येतो. दिसायला हत्तीरोगासारखं, पण ह्यात डास नाही, जंतू नाही, संसर्ग नाही. नाव पोडोकोनिओसिस. जगात सुमारे 40 लाख लोकांना आहे असा अंदाज आहे. संसर्गजन्य नसूनही लोक अशा घरात सोयरीक करत नाहीत, पोरं शाळा सोडतात. आणि हा आजार टाळायला काय लागतं? लहानपणापासून पायात बूट, आणि रोज साबणाने पाय धुणं. ज्या देशातल्या अनवाणी माणसाचा फोटो बघून माझ्यासारख्यांनी बूट काढले, त्या देशातल्या पोरांना बूट मिळावेत म्हणून लोक धडपडतायत. हे वाचल्यावर माझे ते पाच बोटांचे बूट बघून मला कसंतरीच झालं.

अंकुशकृमींचंही (हूकवर्म जंतांचं) तेच. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत असतात, अनवाणी पावलाच्या कातडीतून, बऱ्याचदा बोटांच्या बेचक्यांतून आत शिरतात, जरा खाज येते, पुरळ येतं, आपण खाजवून विसरतो. तिथून रक्तातून फुप्फुसात, खोकल्याबरोबर घशात, गिळल्या गेल्या की आतड्यात, आणि मग तिथे चिकटून वर्षानुवर्षं रक्त पीत बसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात ह्याचा इतका सुळसुळाट होता की 1909 मध्ये तेलसम्राट रॉकफेलरने 10 लाख डॉलर देऊन एक आयोग उभा केला, आणि तपासलेल्या मुलांपैकी 40 टक्क्यांच्या आसपास मुलांमध्ये जंत निघाले. तिथल्या लोकांना बाकीचे लोक आळशी म्हणायचे. त्यांच्या अंगात रक्तच नव्हतं! उपाय औषध, संडास आणि बूट. म्हणजे अनवाणी चालणं चांगलं की वाईट, ह्याचं निम्मं उत्तर पायात नाहीच, खालच्या मातीत कोण शौचाला बसलं होतं त्यात आहे. मी ज्या गवतावर चालते ते रोज झाडलं जातं, तिथे पाणी मारणारा माणूस आहे, आणि बाकाखाली माझ्या चपला आहेत. हे सगळं असलं की मग मातीचा स्पर्श वगैरे सुचतं.

उरलेलं निम्मं उत्तर त्या दोऱ्याच्या टेस्टमध्ये. डॉ. पॉल ब्रँड म्हणून ब्रिटिश सर्जन होते, 1946 मध्ये वेल्लोरला आले आणि पुढे कुष्ठरोग्यांवर काम करायला लागले. तोवर समज असा की कुष्ठरोगात मांस सडतं म्हणून बोटं झडतात. ब्रँड ह्यांनी बघितलं की तसं नाहीये, बोटांतलं मांस इतर कोणाच्याही मांसासारखंच आहे, फक्त दुखणं कळत नाही म्हणून माणूस स्वतःचेच हातपाय रोज थोडे थोडे जखमी करून टाकतो. आपण लांब चालताना नकळत पाऊल टाकायची पद्धत बदलत राहतो, एक जागा दुखायला लागली की भार दुसरीकडे. ज्याला दुखत नाही तो शेवटपर्यंत त्याच जागेवर तेवढ्याच जोरात पाय आपटत जातो, आणि कातडी आतून फुटते. त्यासाठीच मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबरच्या चपला, खालून गोलसर सोल असले प्रकार आले. पुढे अमेरिकेत त्यांच्या टीमने कृत्रिम वेदना बनवून बघितली, हातमोज्यांत आणि मोज्यांत दाबाचे सेन्सर, जास्त दाब पडला की आवाज. पेशंट आवाजाकडे लक्षच देईनात. मग काखेत विजेचा झटका बसेल अशी सोय केली. तर काही अवघड काम करायचं असलं की लोक ते बंद करून ठेवायचे. शेवटी तो नाद सोडून दिला. मला हे फार माणसासारखं वाटतं. जी वेदना बंद करता येते ती आपण बंदच करणार.

मामांचंही तसंच चाललंय. डॉक्टरांनी सांगितलंय, घरातसुद्धा अनवाणी नाही, नुसत्या मोज्यांवर नाही, बूट घालायच्या आधी आत हात फिरवून बघायचं, कारण बुटाच्या आतला बारीक खडा हा बाहेरच्या खड्यापेक्षा वाईट, दिवसभर सोबत राहतो. नवीन जोडी एकदम दिवसभर घालायची नाही. रात्री आरसा धरून तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, अंघोळीचं पाणी पायाने नाही तर कोपराने बघायचं. मामा सगळं करतात, पण दुपारी मामींचा डोळा लागला की चपला काढून ठेवतात. रागावलं तर म्हणतात, "अगं, घरात कसले गं बूट? गुदमरायला होतं." गुदमरायला होतं! ज्या पायांना पिन कळली नाही त्यांना चप्पल कळते. बहुतेक ही जुनी सवय असावी, पायाला नसेल आठवत तरी डोक्याला मोकळं राहणं आठवतंय. मी वाद घालत नाही, चपला त्यांच्या पायाशी आणून ठेवते.

ज्यांची टेस्ट नॉर्मल आहे आणि ज्यांना चालून बघायचंय त्यांनी खुशाल चालावं, मी अजूनही चालते. धावायचं नंतर बघा, आधी नुसतं चाला, तेही दहा मिनिटं, ओळखीच्या गवतावर किंवा वाळूत. पोटऱ्या धरल्या तर दोन दिवस थांबा. उन्हातलं डांबर 60 अंशांच्या वर जाऊ शकतं, तिथे शूरपणा नको. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलेलं नसेल तर घेऊन टाका, गंजलेल्या खिळ्यापेक्षा खोल आणि मातीने भरलेल्या जखमेची भीती जास्त, मग ती काट्याची का असेना. घरी आल्यावर पाय धुवा, पुसा, उजेडात तळवे बघा. आणि डायबेटिस असेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, आधी जाऊन तो दोरा लावून घ्या.